उगमापाशी कापलेला कर

कर देणे आणि कर कापला जाणे या दोन गोष्टी अर्थशास्त्राच्या ग्रंथांत एकाच सदरात मोडतात. देणाऱ्याच्या मनात त्या तशा कधीच मोडत नाहीत. जो मनुष्य चावडीवर जाऊन रुपये मोजून देतो, त्यास आपण काय दिले हे तोंडपाठ असते, आणि जास्त घेतले असे वाटल्यास तो तेथल्या तेथे हुज्जत घालतो. ज्याच्या हाती पगार येण्यापूर्वीच त्यातील हिस्सा काढून घेतलेला असतो, त्यास मात्र हाती आले तेवढेच आपले, असे मानण्याची सवय लागते. जास्त कापले गेले असेल तर ते परत मागण्याचा हक्क त्यास कायद्याने दिलेला आहे. पण हक्क असणे आणि तो बजावता येणे यांत अंतर आहे. प्राप्तीवरील कराचा आपल्या देशातील दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास या अंतराच्या बाजूने फारसा कोणी पाहिलेला नाही. तो पुष्कळसा आमच्या वाचकवर्गाचाच, म्हणजे पगारदार, पेन्शनर व थोडेबहुत व्याज येणाऱ्या कुटुंबांचाच इतिहास असल्यामुळे येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

विषय रुक्ष आहे. म्हणून तो एखाद्या गावाच्या आधाराने समजून घेणे बरे. आम्ही देवळाली प्रवरा हे गाव निवडतो. नाशिकजवळची तोफखान्याची देवळाली ती ही नव्हे. ही पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यातील. गाव म्हणावे तर येथे नगरपरिषद आहे, आणि शहर म्हणावे तर वेशीबाहेर ऊस उभा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले व ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळू लागले, तेव्हापासून या टापूचे रूप पालटले. पुढे सहकारी साखर कारखाना आला. त्याच्या भोवतीची वस्ती 'राहुरी फॅक्टरी' या नावानेच ओळखली जाते. आमच्या विषयास या गावाचा उपयोग असा की, येथे एकाच गल्लीत दोन शेजारी राहतात. एकाचे उत्पन्न उसाचे. त्यास प्राप्तीवरील कर शिवत नाही. दुसरा शाळेत शिक्षक किंवा नगरपरिषदेत कारकून. त्याचा कर त्याने पाहण्यापूर्वीच कापलेला असतो. हा भेद कोठून आला, हा पहिला प्रश्न.

१८५७ च्या उठावाने हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता केला आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. ते निस्तरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन हा गृहस्थ आणविण्यात आला. 'इकॉनॉमिस्ट' या पत्राचा हा संस्थापक. त्याने १८ फेब्रुवारी १८६० रोजी अंदाजपत्रक मांडले आणि त्याच वर्षी ३२ वा कायदा होऊन प्राप्तीवरील कर या देशात प्रथम अवतरला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर शेकडा २, त्यावरील उत्पन्नावर शेकडा ४. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने या करास उघड विरोध केला, म्हणून त्यास परत बोलाविण्यात आले. विल्सन स्वत: त्याच वर्षी ११ ऑगस्टला कलकत्त्यास वारला. (भंडारदऱ्याच्या धरणास ज्याचे नाव दिले तो विल्सन निराळा, मुंबईचा गव्हर्नर सर लेस्ली. एका विल्सनने या भागास पाणी दिले आणि दुसऱ्याने देशास कर दिला, असा विनोद करण्याचा मोह आम्ही आवरतो.)

१८६० च्या कायद्यातून शेतीचे उत्पन्न सुटलेले नव्हते. वर्षाला दोनशे रुपये मिळविणारा माणूस म्हणजे श्रीमंत नव्हे. तेव्हा आरडाओरड झाली, १८६२ मध्ये मर्यादा ५०० वर नेली, आणि १८६५ मध्ये करच उठला. पुढील वीस वर्षे सरकार या बाबतीत चाचपडत होते. कधी परवान्याचा कर, कधी दाखल्याचा कर, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तीवरील कर, १८७३ मध्ये तो पुन्हा रद्द. १८७८ च्या परवाना कराविरुद्ध तर सुरतेस दंगा झाला. अखेर १८८६ च्या दुसऱ्या कायद्याने हा कर कायमचा बसला आणि त्याच कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. कारण उघड होते: शेतकरी जमीनमहसूल भरीतच होता. नगर जिल्ह्याने १८७५ चे सावकारांविरुद्धचे दंगे पाहिले होते आणि त्यामागोमाग मोठा दुष्काळ पाहिला होता. अशा प्रदेशात कुणब्याच्या दारात आणखी एक कर घेऊन जाण्याची छाती कोणा कलेक्टरास झाली असती असे वाटत नाही. देवळालीच्या त्या गल्लीतील भेद तो हा. १८८६ पासून आजवर तो टिकला आहे. १९३५ च्या कायद्याने शेतीउत्पन्नावरील कर प्रांतांकडे गेला, स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने तो राज्यांकडेच ठेवला, आणि मध्यवर्ती कर त्यास लागला नाही.

आता दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळू. १८८६ च्या कायद्यात ५०० ते २००० रुपये पगारावर रुपयास ४ पै आणि त्यापुढे रुपयास ५ पै असा दर होता. रुपयाच्या पै १९२. महिना ५० रुपये मिळविणाऱ्या सरकारी कारकुनाचा हिशेब केला तर दरमहा २०० पै, म्हणजे १ रुपया व ८ पै, खजिन्यातच ठेवून घेतले जात. सावकार आपले उत्पन्न कमी सांगे, व्यापारी दुसरी चोपडी दाखवी. कारकुनाच्या उत्पन्नाची चोपडी मात्र सरकारच्याच दप्तरात असे, तेव्हा त्यास लपविण्यासारखे काही उरत नसे. प्रामाणिकपणाचे हे श्रेय त्याचे की व्यवस्थेचे, हा प्रश्न आम्ही नीतिशास्त्रज्ञांकडे सोपवितो.

ही युक्ती हिंदुस्थानात जन्मलेली नव्हे. इंग्लंडात पिटने १७९९ साली नेपोलियनशी लढण्यासाठी प्राप्तीवरील कर बसविला तेव्हा प्रत्येकाने स्वत: सांगावे व भरावे अशी पद्धत होती. १८०३ मध्ये ॲडिंग्टनने पैसा जेथून निघतो तेथेच, म्हणजे उगमापाशी, कर कापून घेण्याची पद्धत आणली. शेकडा १० चा दर त्याने ५ वर आणला, आणि तरीही वसुली जवळजवळ तितकीच झाली! या एका आकड्यात या पद्धतीचे सारे सामर्थ्य आहे. कर चुकविणारे चुकवू शकत नाहीत, म्हणून न चुकविणाऱ्यांचा दर हलका होतो. ही कपात मुळातच अन्यायाची आहे असे जे म्हणतात, त्यांच्या मताशी आम्ही सहमत नाही. नदीचे पाणी बंधाऱ्यापाशी मोजून घेतले तर शेवटच्या चारीवर भांडणे कमी होतात, हे कालव्याच्या काठी राहणाऱ्यास सांगावयास नको. तक्रार आहे ती पाणी मोजण्याबद्दल नाही. जास्त घेतले गेलेले पाणी मागे कसे वळवावयाचे याबद्दल आहे.

मर्यादा बदलली की हा प्रश्न उभा राहतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात केलेल्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणात ५०० ची मर्यादा १००० करावी अशी मागणी केली, आणि १९०३ मध्ये ती मान्य झाली. वर ज्या पन्नास रुपयांच्या कारकुनाचा हिशेब दिला तो एका फटक्यात मोकळा झाला. १९१९ मध्ये मर्यादा २००० झाली. १९३१ च्या मंदीत सरकारने वर्षाच्या मध्येच दुसरे अंदाजपत्रक आणून ती परत १००० वर ओढली, वर अधिभार लावला, आणि सरकारी नोकरांच्या पगारात शेकडा १० ची कपात केली ती निराळीच. काही वर्षांनी मर्यादा पुन्हा २००० झाली. मर्यादा अशी वरखाली होत असता पगारदाराचा हिशेब तरी सोपा होता, कारण कापणारा कारकून त्याच कचेरीत बसलेला असे. खरा घोळ होता तो व्याज खाणाऱ्यांचा.

याचे कारण १९२२ च्या कायद्यात आहे. पुढे चाळीस वर्षे चाललेल्या या अकराव्या कायद्याच्या १८ व्या कलमाने पगारावरील कपात मालकाने पगाराच्या मानाने करावी असे ठरविले. पण रोख्यांच्या व्याजावरील कपात कमाल दराने करावी असे सांगितले. रोखे विकणाऱ्या सरकारास रोखेवाल्याचे एकंदर उत्पन्न किती हे कळण्यास मार्ग नव्हता, म्हणून त्याने सर्वांस लक्षाधीश मानले. त्या वेळी कमाल दर रुपयास १८ पै होता. एखाद्या विधवेच्या नावे पतीने साडेतीन टक्क्यांचे २०,००० रुपयांचे सरकारी कागद ठेविले असतील तर तिला वर्षाचे ७०० रुपये व्याज यावयाचे. हे उत्पन्न मर्यादेच्या किती तरी खाली. कर एक पैचाही देणे नाही. तरी तिच्या हाती पडत ६३४ रुपये ६ आणे. उरलेले ६५ रुपये १० आणे परत मागण्याचा हक्क तिला ४८ व्या कलमाने होता. किंवा आधीच अर्ज करून माफीचा दाखला मिळविण्याची सोय होती. पण त्यासाठी फॉर्म इंग्रजीत भरावयाचा, त्यास कपातीचे प्रमाणपत्र जोडावयाचे, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. ज्या घरात इंग्रजी जाणणारा पुतण्या किंवा ओळखीचा वकील असे, तेथे ही रक्कम परत येई. जेथे नसे, तेथे ती सरकारजमा राही, आणि जमेच्या वहीत या रकमेचा वेगळा रकाना नसल्यामुळे अशा किती विधवांनी साम्राज्याच्या खर्चास अजाणता हातभार लावला हे सांगण्याचे साधनच उरलेले नाही.

आम्हांस या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. घेणे हे आपोआप होते, देणे हे अर्जावर होते. जमीनमहसुलात याच्या उलट काही होते. दुष्काळ पडला म्हणजे आणेवारी पाहून सूट किंवा तहकुबी सबंध गावास मिळे; ती पुरेशी नसे, वेळेवर नसे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे, हे सारे खरे. पण निरक्षर कुणब्यास ती मिळविण्यासाठी फॉर्म भरावा लागत नसे. प्राप्तीवरील कराने मर्जीच्या जागी हक्क आणला, ही प्रगतीच होय; मात्र तो हक्क त्याने कागद वाचता येणाऱ्याच्या स्वाधीन केला.

दुसऱ्या महायुद्धाने ही पद्धत आणखी पसरविली. अमेरिकेत १९४३ च्या कायद्याने व इंग्लंडात एप्रिल १९४४ पासून आठवड्याच्या मजुरीतूनही कर कापला जाऊ लागला. आपल्याकडे १९४४ मध्येच '१८ अ' हे कलम घालून, ज्यांचा कर उगमापाशी कापला जात नाही त्यांनी तो अंदाजाने आगाऊ भरावा असे ठरले. अंदाज आला तेथे चूक आली, आणि चूक आली तेथे परतावा आला. १ एप्रिल १९६२ पासून अंमलात आलेल्या १९६१ च्या कायद्याने हीच चौकट घेतली व वाढविली. पगार व रोखे यांच्या जोडीस ठेवींचे व्याज आले, कंत्राटदाराचे बिल आले, दलाली आली, भाडे आले. आणि अखेर २०१९ मध्ये बँकेतून वर्षाकाठी एक कोटीहून अधिक रोकड काढली तर त्यावरही शेकडा २ कपात आली. रोकड काढणे हे उत्पन्न कसे, हे आम्हांस उमगलेले नाही. बाजार समित्यांतील आडते शेतकऱ्यांस रोख पैसे देतात म्हणून त्याच महिन्यात त्यांस सूट द्यावी लागली.

येथे देवळालीच्या पहिल्या शेजाऱ्यास, आपला या सर्वांशी संबंध नाही असे म्हणून हसण्याचे फारसे कारण नाही. त्याचे उसाचे बिलही उगमापाशी कापलेलेच येते. सोसायटीची वसुली, शेअरची रक्कम, परतीच्या ठेवी आणि बिनपरतीच्या ठेवी! 'बिनपरतीची ठेव' या शब्दयोजनेइतका प्रांजळ शब्द करकायद्यात शोधून सापडणार नाही. या ठेवी कारखान्याचे उत्पन्न समजावयाचे की काय, हा वाद सोलापूरच्या सिद्धेश्वर कारखान्याच्या प्रकरणात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला व २००४ मध्ये निकाल झाला. त्याहून मोठा वाद निराळाच होता. सरकारने ठरविलेल्या किमान भावाहून जास्त भाव सहकारी कारखान्याने सभासदास दिला, तर तो जास्तीचा भाव खर्च नव्हे, नफ्याची वाटणी आहे, असे म्हणून कर खाते त्यावर कर मागे. २०१५ च्या दुरुस्तीने राज्य सरकारने ठरविलेला किंवा मान्य केलेला भाव खर्च म्हणून धरण्याची सोय झाली, पण ती २०१६-१७ या करआकारणी वर्षापासून पुढे. मागच्या वर्षांच्या मागण्या तशाच लोंबकळत राहिल्या, त्या २०२३ च्या अंदाजपत्रकाने निकालात काढल्या. त्या वेळी अर्थमंत्र्यांनी या सवलतीचा अंदाज सुमारे १०,००० कोटी रुपयांचा सांगितला. शेतकऱ्याच्या उत्पन्नास कर नाही हे खरे, पण त्याचा कारखाना करदाता आहे.

आणि शिक्षकाच्या घरी शेत असले तर? देवळालीसारख्या गावात असे पुष्कळ आढळतील. १९७३ पर्यंत दोन्ही उत्पन्नांची गाठ पडत नसे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने शेतीचे उत्पन्न दर ठरविण्यापुरते पगारात मिळवावे असा नियम केला. कर पगारावरच, पण उसाच्या सावलीने त्याचा दर वर चढतो. शाळेच्या कारकुनास हा ऊस दिसत नसल्यामुळे तो कमी कापतो, आणि मग वर्षअखेर परताव्याऐवजी भरणाच करावा लागतो.

राज्य सरकारचाही एक लहानसा हिस्सा पगारातून जातो, त्याचा उल्लेख करून पुढे जाऊ. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर माणसे जगली. त्या योजनेस कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसायकर बसविला. आज तो बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा, वर्षास २,५०० रुपये कापला जातो. घटनेने याहून जास्त घेण्यास मनाई केली आहे. एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांस तो माफ आहे. कापलेला पैसा कशासाठी गेला हे ज्यात सांगता येते असा हा विरळा कर.

आता अलीकडच्या फेरबदलांकडे. २०२० मध्ये दोन करपद्धती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या: जुनी, ज्यात विमा, भविष्यनिर्वाह निधी, घरभाडे वगैरे वजावटी मिळतात, आणि नवी, ज्यात दर हलके पण वजावटी जवळजवळ नाहीत. २०२३ पासून काहीच न कळविणारा मनुष्य नव्या पद्धतीत आहे असे धरले जाऊ लागले. म्हणजे जो वर्षारंभी मालकास सांगण्यास विसरला त्याचा कर नव्या दराने कापला जातो, आणि जुनी पद्धत त्यास फायद्याची असेल तर त्याने विवरणपत्र मुदतीत भरून फरक परत मागावयाचा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, काही विशेष प्रकारची उत्पन्ने सोडता, कर शून्यावर आला. हे मोठेच औदार्य होय, आणि पगारावरील कपात तेवढ्यापुरती थांबलीही. परंतु बँकेने ठेवीच्या व्याजावर करावयाची कपात उत्पन्नाच्या या मर्यादेकडे पाहत नाही. ती व्याजाच्या रकमेकडे पाहते. ती रकमेची मर्यादा एप्रिल २०२५ पासून सर्वसाधारण माणसास ५०,००० आणि साठ वर्षांवरील व्यक्तीस १ लाख करण्यात आली. त्यापुढे व्याज गेले आणि करपात्र नसल्याचे घोषणापत्र बँकेत दिलेले नसले, की शेकडा १० कापले जातात. १९२२ ची ती विधवा येथे पुन्हा भेटते. फक्त कागदांच्या जागी मुदतठेव आहे आणि इंग्रजी फॉर्मच्या जागी संगणक.

संगणकाने पुष्कळ गोष्टी सुधारल्या हे नाकबूल करणे कृतघ्नपणाचे होईल. बंगळूरच्या केंद्रीय कचेरीत विवरणपत्रे तपासली जाऊन परतावा थेट खात्यात येतो, आणि पूर्वी ज्यास महिनोन्‌महिने लागत ते काम कित्येकदा काही आठवड्यांत होते. कापणाऱ्याने रक्कम भरली की नाही हेही आता घरबसल्या पाहता येते. कापून घेतलेला कर कापणाऱ्याने बुडविला तरी तो पुन्हा पगारदाराकडे मागू नये असे कायदा सांगतो. व्यवहारात मात्र त्याच्या खात्यावर जमा न दिसणाऱ्या रकमेचा परतावा अडतो, आणि निरपराध असल्याचे सिद्ध करीत त्यास हिंडावे लागते. जुन्या मागण्यांचीही गोष्ट तशीच. १ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितले की, थेट १९६२ पासूनच्या कित्येक क्षुल्लक, न तपासलेल्या मागण्या वह्यांत पडून आहेत व त्यांच्यामुळे पुढील वर्षांचे परतावे अडतात. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि त्यापुढील पाच वर्षांच्या १०,००० पर्यंतच्या मागण्या तेव्हा सोडून देण्यात आल्या. त्याचा लाभ सुमारे एक कोटी लोकांस होईल असे त्या म्हणाल्या. एक कोटी! ज्यांचे परतावे अशा कारणाने अडू शकत होते त्यांची ही संख्या सरकारच्याच तोंडची आहे.

व्याजाच्या दरातही समतोल नाही. करदात्याने उशीर केला तर महिन्यास शेकडा १. सरकारने परतावा देण्यास उशीर केला तर महिन्यास शेकडा अर्धा. शिवाय कापलेल्या वा आगाऊ भरलेल्या करातून मिळणारा परतावा एकंदर कराच्या दशांशाहून कमी असेल तर तेवढेही नाही. सावकाराने असा दुटप्पी दर लावला असता तर १८७५ साली त्याचे खतपत्र चव्हाट्यावर जाळले गेले असते.

सर्वांत गंभीर प्रसंग मात्र २०२५ मध्ये आला, आणि तो वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर निघून गेला. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारे नवे विधेयक त्या वर्षी फेब्रुवारीत लोकसभेपुढे आले. भाषा सोपी, कलमे कमी, 'मागील वर्ष' व 'करआकारणी वर्ष' हा घोटाळा जाऊन एकच 'कर वर्ष': हे सारे स्वागतार्ह. पण त्यात एक तरतूद अशी होती की, परतावा पाहिजे असेल त्याने विवरणपत्र ठरल्या तारखेच्या आत भरलेच पाहिजे. म्हणजे आजारपणाने, अज्ञानाने वा कपातीचे प्रमाणपत्र उशिरा मिळाल्याने ज्याची तारीख चुकली, त्याचा जास्त कापलेला पैसा बुडाला. १९२२ च्या कायद्यातील मुदतीहूनही हे कठोर होते. कारण हा नियम नेमका कोणास लागला असता? ज्याच्यावर कर नाही, ज्यास एरवी विवरणपत्र भरण्याची सक्तीही नाही, पण ज्याच्या ठेवीवर बँकेने कात्री चालविली आहे, अशा लहान माणसास. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने २१ जुलै २०२५ रोजी सादर केलेल्या अहवालात ही तरतूद काढून टाकण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली. सुधारलेले विधेयक ११ ऑगस्टला लोकसभेत व १२ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाले, २१ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. उशिरा विवरणपत्र भरणाऱ्याचा परताव्याचा हक्क त्यात शाबूत आहे. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, हा १८८६ पासूनचा नियमही त्यात तसाच आहे.